खोली समुद्राकाठी, पैसे किराणा दुकानात

ऑनलाइन खोली बुक करताना फसले, एकूण ३५,२०० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना “पण गेले किती?” असं होणार नाही. नातेवाइकांत मी १०,००० सांगितले आहेत. तेव्हा ओळखीचं कोणी वाचत असेल तर कृपा करून माझ्या नणंदेपर्यंत पोचवू नका.

मी काल-परवा मोबाइल हातात घेतलेली बाई नाही. पतसंस्थेत २६ वर्षं जमाखर्च बघते. खात्यावर ‘पाटील’ आणि व्हाउचरवर ‘पाटिल’ असेल तरी व्हाउचर परत पाठवते. ऑफिसातली पोरं मला मागून ‘ऱ्हस्वदीर्घ मॅडम’ म्हणतात, मला माहीत आहे. आजवर एक ओटीपी कुणाला सांगितलेला नाही. वीज तोडतो, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, असले फोन आले की मीच समोरच्याची हजेरी घेते. फसणारी माणसं कशी असतात याबद्दल माझी अगदी पक्की मतं होती. होती.

आमचे हे ३१ डिसेंबरला एसटीतून निवृत्त झाले. ३४ वर्षं वर्कशॉपमध्ये, इंजिनांच्या घरघरीत. मागणी एकच: “हॉर्न ऐकू येणार नाही अशा ठिकाणी चार दिवस जाऊ या.” म्हणून अंदमानातलं शहीद द्वीप. जुनं नाव नील, २०१८ च्या डिसेंबरात बदललं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं तेही तेव्हाच. हॅवलॉकला गर्दी फार, नील छोटं, शेतीवाडीचं. गावांची नावं भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. ह्यांना तेवढ्यावरच बेट आवडलं. विमानाची तिकिटं मी थेट विमान कंपनीकडून काढली, पुणे-चेन्नई-पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम). त्यात काही गडबड झाली नाही. राहिली होती फक्त खोली आणि बोट.

फसवायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. नकाशाच्या ॲपवर रिसॉर्ट खरं, फोटो खरे, लोकांनी लिहिलेले अभिप्राय खरे, फक्त फोन नंबर चोराचा. ‘बदल सुचवा’ म्हणून कुणीही तिथे नंबर सुचवू शकतो आणि तो खपून जातो. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. वाचलं होतं. बँकांच्या कस्टमर केअरच्या बाबतीत वाचलं होतं! रिसॉर्टच्या बाबतीत तेच होईल हे डोक्यात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात तेव्हा समुद्र होता.

फोन लावला तो रविवारी, ४ जानेवारीला. उचलणारा हिंदीत सुरू झाला आणि माझं हिंदी ऐकून दुसऱ्या वाक्याला मराठीत आला. “ताई, मराठीतच बोला की. मी मूळचा साताऱ्याचा, इथे सहा वर्षं झाली.” संपलं. साताऱ्याला माझं माहेर आहे, हे मी त्याला लगेच सांगितलं, त्याने विचारलं नसताना. परमुलखात मराठी ऐकलं की आपण कसे पाघळतो! त्याने ह्यांच्या निवृत्तीबद्दल अभिनंदन केलं. खालच्या मजल्यावरची खोली देतो म्हणाला, साहेबांच्या गुडघ्यांना त्रास नको. गुडघ्यांचं मीच बोलले असणार.

दर ५,५०० रुपये, चार रात्रींचे २२,०००. निम्मे आगाऊ, ११,०००. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड आला. मी तो स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं एका किराणा अँड जनरल स्टोअर्सचं.

इथे जरा थांबते, कारण गेले दीड महिना मी इथेच थांबलेली आहे. ३० जून २०२५ पासून यूपीआयने पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं ॲपना सक्तीचं झालं आहे. हे नाव खातेदाराला हवं तसं बदलता येत नाही. म्हणजे यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं होतं, की बाई, हे वाण्याचं खातं आहे. आणि मी वाचलं. वाचलं नसतं तर निदान तशी सबब तरी सांगता आली असती. मी त्याला विचारलंसुद्धा, “हे किराणा दुकान कसलं?” तो हसला. “आमच्या शेठच्या मेव्हण्याचं खातं आहे ताई. तिकडे घेतलं की जीएसटीचा घोळ नको. तुमचाच फायदा.”

खरं सांगायचं तर मला त्याची शंका आली नाही, कौतुक वाटलं. पाच टक्के वाचले! पतसंस्थेत कुणी असं व्हाउचर आणलं असतं तर मी त्याला उभा जाळला असता. इथे मात्र त्याने अर्धवट दिलेलं कारण मीच मनात पूर्ण करून घेतलं: बेटावर धंदा हंगामी, खाती अशीच फिरवत असतील, आपल्याला काय करायचंय. आणि पिन टाकला.

पुढचं पटकन सांगते, कारण लिहायची लाज वाटते. बोटीची जाण्या-येण्याची चार तिकिटं, प्रत्येकी १,६५०, म्हणजे ६,६००. पाठवले. तासाभराने फोन: “ताई, दोन तुकड्यांत आल्यामुळे सिस्टीम बुकिंग घेत नाही. एकदम १७,६०० टाका, आधीचे दोन्ही सात दिवसांत आपोआप परत.” अशी कुठलीही सिस्टीम जगात नाही. २६ वर्षं जमाखर्च लिहिणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. पण अडकलेले १७,६०० सोडवायचे होते ना! हातचे गेलेले सोडवायलाच माणूस आणखी देतो. पाठवले. आठव्या दिवशी परतावा आला नाही म्हणून मी त्याला झापलं, तर त्याने माफी मागितली आणि चेक-इनला रोख हातात देतो म्हणाला. माफी मागणारा माणूस लबाड वाटत नाही. लक्षात ठेवा, पैसे परत मिळवण्यासाठी कधीही पैसे भरावे लागत नाहीत. कधीही.

२७ जानेवारी, पोर्ट ब्लेअरमधला हॅडोचा बोटीचा धक्का. रांग, बॅगांची तपासणी, सगळं रीतसर. काउंटरवरच्या मुलीने त्याने पाठवलेली तिकिटाची पीडीएफ पाहिली, पीएनआर दोनदा घालून बघितला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, ये हमारा टिकट नहीं है।” मागची रांग आमच्याकडे बघत होती. हे काही बोलले नाहीत. फक्त बॅग उचलून रांगेतून बाजूला झाले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, १९३०, तिथूनच लावला. फोनवरच्या बाई नीट बोलल्या, सगळं लिहून घेतलं, आणि सरळ सांगितलं की पैसे जाऊन २३ दिवस झालेत, ते कधीच पुढच्या खात्यांत सरकले असतील. पैसे गेल्याचं कळताक्षणी लावायचा हा नंबर आहे, जेवून-बिवून नाही. घरच्यांना काय सांगायचं याचा विचार नंतर करा.

आता यंत्रणा. तिथल्या चौकीत सांगितलं, “पैसा महाराष्ट्र से गया, वहाँ जाइए।” घरी परतल्यावर आमच्या चौकीत सांगितलं, “प्रकार अंदमानात घडला, तिकडे करायची होती तक्रार.” १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं, की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी कागद न वाचताच विचारलं, “वकील आहात का?” नाही म्हटल्यावर, “मग?” मग काय? मग मी कोण? तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला संबंधित साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या खेपेला प्रिंटर बंद. तिसऱ्या खेपेला अर्जाच्या प्रतीवर शिक्का मिळाला. तो एफआयआर नव्हे, हे मला बाहेर आल्यावर कळलं. शिक्का मिळाला म्हणून खूश होऊन घरी येऊ नका, एफआयआरची प्रत मागा. ती फुकट मिळते.

बँकेचं तर बोलूच नये, पण बोलते. “पिन तुम्हीच टाकला ना?” हो. “मग व्यवहार अधिकृत आहे.” रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही असं होतं, पण ते परस्पर झालेल्या, अनधिकृत व्यवहारांसाठी. मी स्वतःच्या हाताने दिले, म्हणजे फसवून घेतले तरी ते अधिकृतच. बरं, ते किराणा खातं कुणाचं ते तरी सांगा म्हटलं, तर “ती माहिती गोपनीय असते मॅडम.” माझे पैसे खाणाऱ्याची गोपनीयता जपायला अख्खी शाखा तत्पर! त्या संध्याकाळी मेसेज आला, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल.

आणि प्रत्येक टेबलावर, प्रत्येकाने, तेच एक वाक्य: “एवढ्या शिकलेल्या असून?” शिकलेल्यांनी फसू नये असा नियम आहे का?

चौकीतून शेवटी कळलं की साखळीतल्या तिसऱ्या खात्यात ४१२ रुपये गोठवले गेले आहेत.

बेटावर आम्ही गेलो, हो. दुसऱ्या दिवशीच्या सरकारी बोटीत दोन जागा मिळाल्या. खऱ्या रिसॉर्टच्या मॅनेजरने चहा पाजला आणि सांगितलं, या हंगामात असे आलेले आम्ही नववे. रिसॉर्टवाले नकाशावरचा नंबर बदलून घेतात, चार दिवसांत पुन्हा चोराचा येतो. त्यानेच एका घरात २,२०० रुपयांत खोली बघून दिली. तेव्हा, हॉटेलचा नंबर नकाशावरून घेऊच नका. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, आणि बोटीचं तिकीट बोटवाल्याकडूनच काढा. लक्ष्मणपूरला ओहोटीच्या वेळी तो दगडी नैसर्गिक पूल बघायला जातात. हे तिथे तासभर शांत बसले होते. मी खडकावर बसून ‘आपली तक्रार प्रक्रियेत आहे’ हे पान पुन्हा पुन्हा उघडत होते.

काल सहज नकाशा उघडला. नंबर तोच. ह्यांच्या फोनवरून लावला, आवाज जरा बदलून सांगितलं, नागपूरहून बोलते, चार रात्री खोली हवी होती.

“अरे वा ताई,” तो म्हणाला, “मराठीतच बोला की. मी मूळचा नागपूरचाच.”