खारीचा पिंजरा : रुपये दहा हजार फक्त

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. घरात हसून झालंय, चौकीतही हसून झालंय. मी 27 वर्षं ऑडिटचं काम करतो. लोकांच्या हिशोबातले सात-सात रुपयांचे फरक शोधून काढायचे मला पैसे मिळतात. आणि मी कुत्रीच्या पिंजऱ्यापायी बरोब्बर 10,000 रुपये घालवले. बरोब्बर का, ते पुढे येईल. खरी लाज त्याचीच आहे.

खारी ही आमची बीगल, चार महिन्यांची. म्हणजे मुलीची. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, आता खारीला तिकडे पोचवायचं होतं. रेल्वेचा विचार केला, पण तिथे फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातला कुत्र्यांचा कप्पा. रात्रभर त्यात एवढंसं पिल्लू कोण कोंडणार? म्हणून विमान. आमच्या विमान कंपनीची अट अशी, की पिंजऱ्यासकट वजन 10 किलोच्या आत असेल तरच केबिनमध्ये. खारी 7 किलो 100 ग्रॅम. पिंजऱ्याला उरले 2 किलो 900. ओळखीच्यांकडचा प्लास्टिकचा पिंजरा काट्यावर ठेवला तर साडेतीन. मग आठवडाभर हलका, घडीचा, कापडी पिंजरा शोधत बसलो. आपण काय शोधतोय हे फोनला कसं कळतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

जाहिरात आली. वजन 1.4 किलो, ॲल्युमिनियमची चौकट, तीन बाजूंना जाळी, ‘आयाटा अप्रूव्ह्ड’, 5,999 वर काट मारून 2,499. व्हिडिओत एक बाई एका हाताने पिंजरा उघडते आणि गोल्डन रिट्रीव्हर रुबाबात आत जाऊन बसतो. सांगा, 1.4 किलोच्या त्या कापडी पेटीत तीस किलोचा कुत्रा? तेव्हा नाही सुचलं. आणि आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना प्राण्यांचे पिंजरे कसे असावेत याचे नियम काढते, पण कुठल्याच कंपनीच्या पिंजऱ्याला मंजुरी वगैरे देत नाही. हे मला पैसे गेल्यावर कळलं. तो ‘अप्रूव्ह्ड’ शब्द दिसला की तिथूनच मागे फिरा. पोस्टखाली कमेंट बंद होत्या, हेही नंतरच लक्षात आलं.

व्हॉट्सॲपवर बोलणं सुरू झालं. मी टेप घेऊन खारीला मोजलं होतं. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत 46 सेंटिमीटर, उभी राहिली की डोक्यापर्यंत 34. मापं पाठवली. दोन सेकंदांत उत्तर, ‘ओके सर मीडियम.’ विचारलं, बाहेरून पिंजऱ्याचं माप किती, सीटखाली बसेल का? ‘सब एअरलाइन चलता है सर.’ जो माणूस खरंच पिंजरे विकतो तो पिल्लाची लांबी विचारतो, उंची विचारतो, आत उभं राहून वळता येईल का ते बघतो. हा फक्त ‘जीपे या फोनपे?’ एवढंच विचारत होता. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण म्हणे प्राण्यांच्या सामानाला कुरिअरवाले ती देत नाहीत. मी मान्य केलं. पाच दिवसांवर विमान आलं होतं हो!

आता तो क्षण. गुरुवारी संध्याकाळी मी क्यूआर स्कॅन केला. पडद्यावर दुकानाचं नाव नाही, कुणातरी माणसाचं नाव आलं. मी थांबलो. अंगठा वरच राहिला. ज्या नावाचं बिल त्याच नावाने पैसे, हे मी पोरांना ऑफिसात रोज शिकवतो. न जुळणारं नाव दिसलं की लाल पेन काढतो. मी विचारलं, हे कोण? ‘मालिक का खाता सर, जीएसटी बच जाता है.’ आणि मी, ऑडिटवाला, मनात म्हणालो, असतात असे छोटे धंदेवाले. लाल पेन खिशातच राहिलं. 2,499.

शुक्रवारी ‘पेट ट्रॅव्हल टॅग’चे 1,250, परत मिळणारे. शनिवारी दुपारी ‘गाडी नाक्यावर अडकली, ट्रान्झिट इन्शुरन्स 3,999’, तेही परत मिळणारे. का भरले? कारण मंगळवारचं तिकीट होतं, आणि आधीचे वाया जाऊ नयेत म्हणून. हे सगळं तुम्हाला बाहेरून दिसतं. आत बसलेल्याला फक्त पुढची पायरी दिसते.

शनिवारी संध्याकाळी मी चिडून म्हणालो, पिंजरा नको, पैसे परत द्या. तो म्हणाला, लगेच देतो, पण ‘सिस्टीम राउंड फिगर ही लेता है.’ तुमचे 7,748 झाले, 2,252 टाका, पूर्ण 10,000 एका झटक्यात परत येतील. मी कागदावर बेरीज केली. जुळली! आयुष्यभर बेरीज जुळली की मला बरं वाटतं, तसंच तेव्हाही वाटलं. बायको समोर मटार सोलत होती. पिन टाकताना मी फोन किंचित तिरका धरला. ‘अहो, झालं का पिंजऱ्याचं?’ ‘झालं.’ म्हणजे आत कुठेतरी मला कळलेलं होतं. नाहीतर फोन तिरका का धरला असता?

पुढचा मेसेज आला, रिफंडवर 18 टक्के जीएसटी, 1,800 भरा. तिथे डोळे उघडले. रिफंडवर जीएसटी! अक्कल आली ती धंद्याच्या ज्ञानामुळे, शहाणपणामुळे नव्हे.

रात्री 10:40 ला सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावली. चौथ्या वेळी लागली. त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, हे कबूल. यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवा, ते चारही व्यवहारांचे विचारतात. शोधायला माझी वीस मिनिटं गेली, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकायला तेवढी पुरतात. पावती क्रमांक आला. रविवारी चौकीत गेलो. ‘काका, दहाच हजार ना?’ मग शेजारच्याला, ‘अरे, कुत्र्याचा पिंजरा!’ म्हणाले सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, एवढ्या रकमेला स्थानिक ठाणं. परत ठाण्यात, तर ‘खातं परराज्यातलं आहे, आमची हद्द नाही.’ मी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 छापून नेलं होतं, गुन्हा कुठेही घडो, खबर घ्यावी लागते असं त्यात स्वच्छ आहे. साहेबांनी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर माझा मोबाइल नंबर लिहून घेतला. एफआयआर आजतागायत नाही.

बँक म्हणते एफआयआरची प्रत आणा. आणि वर, अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती हे सांगणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाचा दाखला मीच दिला, तर मॅडमनी मलाच वाचून दाखवला. पिन तुम्ही स्वतः टाकलात, त्यामुळे ‘अनधिकृत व्यवहार’ नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर विचारतात, विक्रेत्याचं नाव-पत्ता? तोच असता तर फोन कशाला केला असता? 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाला कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवावाच लागतो. पैसे भरण्याआधी ते पान शोधा; मी शोधलं नव्हतं.

दीड महिन्याने कळलं की समोरच्या खात्यात 212 रुपये गोठवलेत. तेव्हा सांगितलं, ते हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. वकिलाला विचारलं, तो फी सांगायच्या आधीच हसला.

खारी गेली, पण ठरल्यानंतर दहा दिवसांनी. तिकीट बदलण्याचे 2,750 वेगळे, ते मी दहा हजारांत धरलेले नाहीत. पिंजरा शेवटी पेठेतल्या दुकानातून घेतला, 1,850 रुपये, वजन 1 किलो 600. दुकानदाराने पैशाची गोष्ट नंतर काढली. आधी खारीला आत सोडून पिंजऱ्याची चेन लावली, ती गोल वळून खाली बसेपर्यंत थांबला, मग चेनच्या टोकाला छोटी कडी अडकवली. ‘बीगल आहे, नाकाने उघडेल,’ म्हणाला.

परवा तोच व्हिडिओ पुन्हा दिसला. तीच बाई, तोच गोल्डन, दुकानाचं नाव नवं. मी तक्रारीचं बटण दाबलं, तासाभरात उत्तर आलं की या जाहिरातीत नियमबाह्य काही आढळलं नाही. किंमत आता 2,699 केली आहे.