पीटीचा तास की वर्गातच हालचाल?

बालवाडी किंवा केजीचे वर्ग चालवणाऱ्यांपुढे शाळा सुरू व्हायच्या आधी हा प्रश्न येतोच: बाहेरचे सर बोलावून पीटीचा वेगळा तास ठेवायचा, की रोजच्या शिकण्यातच हालचाल मिसळायची? परळच्या आमच्या बालवाडीत दोन्ही करून झालं आहे.

वेगळ्या तासाची बाजू कमकुवत नाही. सरांची नजर तयार असते. उडी मारून उतरताना गुडघे वाकले पाहिजेत, हे आमच्या ताईंना त्यांनीच दाखवलं. वेळापत्रकात तास दिसला की पालकांनाही बरं वाटतं.

मला नडली ती रांग. तास म्हणायचा, पण असतो अर्ध्या तासाचा. आधी बूट, मग जिना, मग मैदान. येताना पुन्हा तेच. तिथे पोचल्यावर तोल सांभाळायची फळी एकच. एक मूल फळीवर, बाकीची हाताची घडी घालून उभी. चार वर्षांचं मूल किती वेळ उभं राहणार? ते पुढच्याला ढकलतं आणि ओरडा खातं. हालचालीसाठी आणलेल्या मुलाला हललं म्हणून बोलणी बसावीत, हे मला कधीच पटलं नाही. पावसाळ्यात तर मैदानात चिखल, म्हणजे तो तास टीव्हीसमोर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली निदान ६० मिनिटं चांगली दम लागेल अशी. आठवड्यातून दोनदा येणारा तास त्याला कुठे पुरा पडणार?

वर्गात जाजम गुंडाळलं की लादी मोकळी होते. मॉन्टेसोरी पद्धतीतली रेषेवरची चाल आम्ही रोज घेतो. चिकटपट्टीने लंबगोल आखायचा आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना टेकवत चालायचं. जमलं की हातात पाण्याचा पेला. जीभ बाहेर काढून, पाण्यावरची नजर न हलवता चालणारी मुलगी पाहिली की एकाग्रता वेगळी शिकवावी लागत नाही, असं मला वाटतं. शिवाय सगळी मुलं एकाच वेळी चालत असतात. ‘डोंगराला आग लागली’ घेतलं तरी तेच: सगळे पळतात, ‘थांबा’ म्हटलं की सगळे थांबतात, आणि आम्ही कुणालाच बाद करत नाही. संगीतखुर्ची मात्र टाळतो. त्यात पहिल्यांदा बाद होऊन भिंतीला टेकून बसतं ते बहुधा पळायची सर्वांत जास्त गरज असलेलं मूल. आकडे बेडूकउड्या मारत म्हणतात, तेही चालतं.

यातही त्रास आहे. ताई दमतात, मदतीला मावशी लागतेच. जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येते. आम्ही उड्या अनवाणी आणि जाड सतरंजीवरच घेतो, तेव्हा निभावतं. तुमच्याकडे स्वतःचं अंगण असेल आणि प्रत्येक मुलाच्या हातात चेंडू देता येत असेल, तर वेगळा तास कदाचित तुम्हाला जास्त सोयीचा पडेल. नसेल, तर माझं मत वर्गाच्या बाजूने. सरांना आम्ही अजूनही बोलावतो, पण महिन्यातून एकदा आणि मुलं घरी गेल्यावर, ताईंना शिकवायला.