दुसऱ्या सत्रासाठी घेतलेला खिशांचा तक्ता

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरी-चौथीची माझी मुलं जूनमध्ये बसवलेल्या सवयी विसरूनच येतात. दप्तर कुठे ठेवायचं, वह्या कुणी गोळा करायच्या, खिचडीआधी हात धुवायला कोणत्या रांगेनं जायचं, सगळं पुन्हा सांगावं लागतं. म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून कापडी, पारदर्शक खिशांचा तक्ता आणला. किंमत ३५० रुपये.

वरच्या ओळीत दिवसाचा क्रम, खाली कामं आणि मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या. दर सोमवारी परिपाठानंतर मुलंच चिठ्ठ्या बदलतात. खरा फायदा इथेच आहे: छापील तक्ता दोन आठवड्यांत भिंतीचाच भाग होतो, हा मात्र हाताळावा लागतो, म्हणून वाचला जातो. मी चौथीला शिकवत असते तेव्हा तिसरीची मुलं 'आता काय करू?' विचारायला येत नाहीत, तक्ता बघून पुस्तक काढतात. शिक्षण हक्क (आरटीई) कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. रोजची १० मिनिटं गोंधळात गेली, तर ३३ तास गेले!

खिसे चकाकतात, त्यामुळे खिडकीसमोर लावू नका. खालची शिवण कच्ची आहे. मी ती शिंप्याकडून पक्की करून घेतली. सोबतची इंग्रजी कार्डं पहिलीला निरुपयोगी, चिठ्ठ्या मराठीत स्वतःच लिहा. बहुवर्ग, म्हणजे एकाच वेळी एकाहून जास्त इयत्ता, शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. एकाच इयत्तेचा वर्ग असेल, तर लहान आकारही पुरेल.