करसल्लागार कार्यालयात बिटवॉर्डन : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील आमच्या करसल्लागार कार्यालयात सुमारे अडीचशे क्लायंटचे काम चालते. हळदीचे अडते, तासगावचे बेदाणा व्यापारी, काही पतसंस्था, डॉक्टर, नोकरदार असे सगळे त्यात आहेत. प्रत्येकाचा आयकर संकेतस्थळाचा पासवर्ड वेगळा, जीएसटीचा वेगळा, ई-वे बिलाचा वेगळा आणि टीडीएससाठी ट्रेसेस या आयकर खात्याच्या संकेतस्थळाचा आणखी वेगळा. अशा नऊशेहून अधिक नोंदी अकरा वर्षे एका एक्सेल फाइलमध्ये साठत गेल्या होत्या. फाइलला पासवर्ड होता, पण तो आम्हा चौघांनाही ठाऊक होता आणि ती फाइल पेनड्राइव्हवरून, ईमेलमधून, गरजेच्या वेळी व्हॉट्सॲपवरूनही फिरलेली होती. दोन वर्षांपूर्वी आमचा एक सहायक स्वतःचे कार्यालय थाटण्यासाठी बाहेर पडला. त्याने कशाचाही गैरवापर केला नाही आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु त्याच्या लॅपटॉपवर त्या फाइलची प्रत उरली आहे का, याचे उत्तर मला देता येईना. लोकांनी विश्वासाने हवाली केलेली गोष्ट कोणाकोणाकडे आहे हेच मला माहीत नव्हते, आणि ही बाब मला फार लागली.

म्हणून पासवर्ड व्यवस्थापक, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारे साधन, घ्यायचे ठरवले; शेवटी घेतले ते बिटवॉर्डन. निवडताना मी दोनच प्रश्न समोर ठेवले. मी नसताना योग्य माणसाला नोंदी उघडता येतील का? आणि जो माणूस कार्यालय सोडून गेला, त्याला त्या त्याच दिवशी बंद करता येतील का?

पहिले तीन आठवडे मी कीपासएक्ससी हा दुसरा व्यवस्थापक वापरून पाहिला. त्यात सगळा साठा आपल्याच संगणकावरच्या एका कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) फाइलमध्ये राहतो, कोणाच्या सर्व्हरचा संबंध येत नाही आणि पैसेही लागत नाहीत. एकट्या माणसाला, त्यातही ज्याला आपला साठा इंटरनेटवर ठेवायचाच नाही त्याला, मी आजही तेच सुचवेन. परंतु एकाच फाइलवर चौघांनी दिवसभर काम करणे आणि प्रत्येकाला वेगळे अधिकार देणे हा त्याचा हेतूच नाही. चेन्नईच्या झोहोचे व्हॉल्ट आणि कॅनडातील कंपनीचे वन-पासवर्ड यांचाही विचार केला. बिटवॉर्डन निवडण्याची कारणे तीन होती: त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सर्वांना पाहण्यास खुला आहे, दोन माणसांची सामायिक तिजोरी विनामूल्य चालवून बघता येते, आणि आवडले नाही तर सगळ्या नोंदी बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात.

इंटरनेटवर साठा ठेवण्याची भीती मलाही होती, आणि ती निराधार नाही. लास्टपास या अशाच प्रसिद्ध सेवेत २०२२ मध्ये घुसखोरी झाली आणि ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्याचे त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये उघड झाले. पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते कूटबद्ध नव्हते. शिवाय मास्टर पासवर्डवर, म्हणजे तिजोरी उघडण्याच्या मुख्य पासवर्डवर, गणिती प्रक्रिया किती वेळा फिरवायची ही संख्या काही जुन्या खात्यांत फारच कमी राहिली होती, त्यामुळे कच्चा मास्टर पासवर्ड ओळखणे चोरांना सोपे झाले. यातून मी एवढेच घेतले की उद्या माझी तिजोरी जशीच्या तशी चोराच्या हाती पडली, तरी ती मास्टर पासवर्डच्या बळावर टिकली पाहिजे. बिटवॉर्डनमध्ये नव्या खात्यासाठी ही संख्या मुळातच ६,००,००० असते. जुने खाते असणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन ती एकदा तपासावी.

मास्टर पासवर्डसाठी अभंगाची ओळ किंवा म्हण घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो; आमच्या कार्यालयातही झाला. तो टाळावा, कारण जे आपल्याला पाठ आहे ते हजारो लोकांना पाठ आहे. आम्ही फासे टाकून शब्दकोशाची पाने ठरवली आणि प्रत्येकी सहा असंबद्ध शब्द घेतले. शब्द मराठी ठेवले, पण लिहायचे रोमन लिपीत, आणि त्यांचे स्पेलिंग पहिल्याच दिवशी कायमचे ठरवले. देवनागरीत टंकण्याची इच्छा मला होती; परंतु ‘ऱ’सारखे अक्षर दोन वेगळ्या संकेतांनी लिहिता येते, दिसायला ते एकच असते आणि संगणकाच्या लेखी मात्र वेगळे ठरू शकते. कीबोर्ड बदलला आणि तिजोरी उघडली नाही, असा प्रसंग मला ओढवून घ्यायचा नव्हता.

एक्सेलमधून नोंदी आणण्याचे काम एका रविवारी आटोपेल असे वाटले होते. त्याला पाच आठवडे लागले. फाइल आत घेणे काही मिनिटांचे काम आहे, पण आमच्या नोंदींत एकाच क्लायंटची तीन नावे, मृत व्यक्तींची खाती आणि केव्हाच बदलून गेलेले जुने पासवर्ड असा अकरा वर्षांचा गाळ होता. प्रत्येक खाते उघडून पाहिले, चालू पासवर्डच ठेवला आणि नावाची एकच पद्धत ठरवली: आडनाव, नाव, गाव, मग संकेतस्थळ. ही शिस्त आमच्या व्यवसायात अपरिहार्य आहे, कारण आयकराच्या एकाच संकेतस्थळासाठी आमच्याकडे दोनशेच्या वर नोंदी आहेत आणि पान उघडल्यावर त्या सगळ्या यादीत येतात. पाटील नावाचे आमचे एकोणीस क्लायंट आहेत; गाव लिहिले नसते तर एकाचा पॅन आणि दुसऱ्याचा पासवर्ड अशी गल्लत अटळ होती. याच कारणासाठी पान उघडताच आपोआप भरण्याची सोय आम्ही बंदच ठेवली आहे. आत घेतल्यानंतर मूळ साधी फाइल डाउनलोडमधून, रिसायकल बिनमधून आणि ईमेलच्या पाठवलेल्या पत्रांतूनही पुसावी लागते, हे मुद्दाम सांगते, कारण आमची एक प्रत चक्क दोन महिन्यांनी सापडली.

रोजच्या वापरात आयकराच्या संकेतस्थळावर पॅन एका पानावर आणि पासवर्ड पुढच्या पानावर द्यावा लागतो, त्यामुळे भरण्याची कृती दोनदा करावी लागते. ट्रेसेसवर युजर आयडी आणि पासवर्डबरोबर टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांकही लागतो. तो नोंदीत जास्तीचा रकाना जोडून ठेवता येतो. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचे (पेनड्राइव्हसारख्या उपकरणाचे) पिन आम्ही सुरक्षित टिपणात ठेवतो, कारण काही वेळा चुकीचा पिन दिला की टोकन बंद पडते आणि ऐन तारखेला धावपळ होते. एका बँकेच्या नेटबँकिंगमध्ये पासवर्ड पेस्ट करण्यास मनाई आहे. तिच्यासाठी वीस अक्षरांच्या गोंधळाऐवजी पाहून टंकता येईल असा शब्दांचा पासवर्ड तयार केला.

सर्वांत मोठा लाभ मात्र मी अपेक्षिलेला नव्हता. जुलैमध्ये परताव्याविषयीचा एक बनावट संदेश आमच्या सहायिकेच्या फोनवर आला. दुव्यावरचे पान हुबेहूब आयकराचे होते. तिने नोंद भरायला घेतली, तर यादी रिकामी. ‘मॅडम, ॲप बिघडलंय बहुतेक,’ म्हणत ती माझ्याकडे आली. ॲप ठीक होते. पत्ता खोटा होता. माणसाचा डोळा पानाचे रूप पाहतो, हे साधन फक्त पत्ता पाहते, म्हणूनच यादी रिकामी दिसली तर हाताने टंकायचे नाही, असा नियम आम्ही त्या दिवशी केला.

आता माझ्या दोन प्रश्नांकडे येते. मार्चमध्ये माझी शस्त्रक्रिया झाली आणि मी नऊ दिवस रुग्णालयात होते. त्यातच जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्राची वीस तारीख आली. एकाही पासवर्डसाठी मला फोन आला नाही, कारण नोंदी माझ्या नावावर नसून कार्यालयाच्या सामायिक तिजोरीत होत्या आणि तिचा दुसरा मालक म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याला मी आधीच नेमले होते. माझ्या वैयक्तिक तिजोरीसाठी आणीबाणी प्रवेशाची सोय मी पतीच्या नावे केली आहे: त्यांनी मागणी केली आणि मी ठरावीक दिवसांत नकार दिला नाही, तर ती त्यांना उघडते. ही मुदत मी सात दिवस ठेवली. हा मार्ग सशुल्क वैयक्तिक खात्यात मिळतो आणि तो वैयक्तिक तिजोरीसाठीच आहे. कार्यालयाने दुसरा मालक नेमल्याशिवाय एक दिवसही काढू नये.

ऑगस्टमध्ये एक सहायक पुण्याला नोकरीसाठी गेला. त्याचा प्रवेश काढायला दोन मिनिटे लागली. पण एवढ्याने काम संपत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. पासवर्ड लपवून फक्त भरण्याचा अधिकार देता येतो, तरी जाणकार माणसाला तो ब्राउझरमधून काढता येतो आणि बिटवॉर्डनही ही मर्यादा मान्य करते. म्हणून बिटवॉर्डनच्या टीम्स या सशुल्क योजनेत मिळणारी घडामोडींची नोंद पाहून त्याने हाताळलेल्या एकशे चाळीस खात्यांचे पासवर्ड आम्ही बदलले. प्रत्येक क्लायंटला फोन केला, कारण ओटीपी त्यांच्याकडे येतो. कवठेमहांकाळचे एक अडते म्हणाले, ‘ताई, पासवर्ड तुमच्याकडंच राहू दे की, आम्हाला काय करायचाय.’ हा विश्वास मोठा आहे, पण पासवर्ड त्यांचा आहे. म्हणून बदललेला प्रत्येक पासवर्ड आम्ही आता बंद पाकिटात क्लायंटला देतो.

दिवाळीच्या सुटीनंतर एक सहकारी आपला मास्टर पासवर्ड विसरला. कंपनीकडे तो नसतोच, त्यामुळे तिच्याकडून परत मिळण्याचा प्रश्न नव्हता. कार्यालयाच्या नोंदी सामायिक असल्याने शाबूत राहिल्या आणि नवे खाते काढून तो तासाभरात कामाला लागला, पण त्याच्या वैयक्तिक नोंदी गेल्या. तेव्हापासून आम्ही चौघांनी मास्टर पासवर्ड आणि द्विस्तरीय पडताळणीचा (पासवर्डनंतर मागितल्या जाणाऱ्या दुसऱ्या खुणेचा) पुनर्प्राप्ती संकेत कागदावर लिहून आपापल्या घरी कुलपात ठेवला आहे. ईमेलचा पासवर्डही त्याच कागदावर आहे. ज्यांनी द्विस्तरीय पडताळणी सुरू केलेली नाही, त्यांना नव्या उपकरणावर प्रवेश करताना ईमेलवर संकेत येतो. ईमेलचा पासवर्ड फक्त तिजोरीतच असेल तर माणूस दोन्ही दारांबाहेर राहतो.

दर तिमाहीला आम्ही सर्व नोंदींची पासवर्डने बंद केलेली प्रत काढून बँकेच्या लॉकरमधील पेनड्राइव्हवर ठेवतो, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का हेही पाहतो. जानेवारीत हे काम नव्या सहायिकेच्या हातून करून घेणार आहे.