डबा झाला, ट्रेलर झाला, सिनेमा कुठंय?

ट्रेलरचे १२ हजार आणि डीव्हीडीच्या डिझाइनचे ६ हजार, असा १८ हजारांचा सौदा ठरला होता. हातात ३ हजार पडले. वर कव्हरं छापायचे ४,६०० मीच प्रेसवाल्याला खिशातून दिले. एवढ्यावर भागलं असतं तर हे लिहायला बसलो नसतो, उधारी कुणाची बुडत नाही? पण या भानगडीत अकरा घरांचे पैसे गेले, आणि त्या घरांत पुरावा म्हणून जो डीव्हीडीचा डबा उरला त्यावर नाव आणि मोबाईल नंबर फक्त माझा होता.

गोष्ट २०१३ च्या दिवाळीनंतरची. कोल्हापुरात, राजारामपुरीत जिन्याखालच्या एका खोलीत माझं काम चालायचं. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, पत्रिका, फ्लेक्स, मधूनच एखाद्या मंडळाच्या देखाव्याची सीडी. सिनेमाची खाज होतीच. ज्यांच्याशी तो सौदा ठरला ते गृहस्थ ओळखीतल्या एका फोटोग्राफरनं आणले. सगळे त्यांना 'सर' म्हणत, मीही म्हणू लागलो. मुंबईच्या एका संस्थेत डिप्लोमा चालू आहे, ही त्याची फिल्म, कलाकार सगळे कोल्हापूर जिल्ह्यातले नवखे, असं त्यांनी सांगितलं. चहा येईपर्यंत गाडी बाबूराव पेंटरांवर आली. ज्या गावात बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवला, सिनेमाची पोस्टरं स्वतःच्या हातानं रंगवली, जिथं १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची पाटी लागली, त्या गावात पोरांच्या फिल्मला कुणी हात देत नाही म्हणजे काय! कोल्हापूरच्या माणसाला एवढं बास होतं. कुणी 'कलापूर' म्हटलं की आपल्याला दराचं बोलायला लाज वाटते. त्याच प्रभातनं चार वर्षांत पुण्याला मुक्काम हलवला, हे काही त्या वेळी आठवलं नाही.

"स्टुडंट फिल्म आहे भावा, बजेट तंगीत आहे. पण क्रेडिट फुल्ल देतो. डब्यावर तुझं नाव, तुझा नंबर."

'स्टुडंट फिल्म' या शब्दानं माझं तोंड बंद केलं. विद्यार्थी म्हटलं की आपण पावती मागत नाही, करार मागत नाही, उलट स्वतःच्या धडपडीचे दिवस आठवून हळवे होतो. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या फिल्मची खातरजमा करणं सर्वांत सोपं. त्याला रोल नंबर असतो, शिकवणारे मास्तर असतात, संस्थेचं ऑफिस असतं. एक फोन करायचा होता. दुसरं असं की, डिप्लोमा फिल्म सहसा अर्ध्या तासाच्या आतबाहेरची असते. यांनी मला डब्याच्या मागच्या बाजूला 'कालावधी ९५ मिनिटे' असं टाकायला सांगितलं आणि मी ते टाकलं.

आता ट्रेलरचं. फसवणूक माझ्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर उघडी पडलेली होती आणि मला ती वाचता आली नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

एक हार्डडिस्क आली. त्यात सगळं मिळून अडीच तासांचं फुटेज. "निवडक शॉट आहेत, पूर्ण रशेस मुंबईत," असं सर म्हणाले. रशेस म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग. शॉट बरे होते. रंकाळ्यावरची संध्याकाळ, पन्हाळ्याची तटबंदी, ऊसतोडीचा फड, पावसाळी आभाळ. पण एका प्रसंगाचे तीन-चार बाजूंनी घेतलेले शॉट म्हणाल तर कुठंच नाहीत. दोन माणसं बोलतायत आणि एकाचा क्लोजअप आहे, तर समोरच्याचा नाही. शॉटच्या आधी वाजवतात त्या क्लॅपच्या पाटीवर सीन नंबर १, ७, २२, ४१ असे उड्या मारत गेलेले. मी मनात म्हटलं, नवखी पोरं, शूटिंग कच्चं झालंय. सरांची सूचना मात्र पक्की होती: अकराच्या अकरा चेहरे ट्रेलरमध्ये दिसले पाहिजेत, प्रत्येकाला किमान तीन सेकंद, प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य.

ट्रेलर कापणाऱ्याला हे ऐकूनच खटकायला हवं. दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये आपण गोष्टीचा एक धागा धरतो, दोन किंवा फार तर तीन चेहरे पुढं आणतो, बाकीचे ओझरते. अकरा जणांना सारखं वाटप म्हणजे पंगतीत वाढपं करणं झालं. मी तसं म्हणालोही. सर हसले, "सगळी पोरं आपलीच आहेत रे, कुणाला नाराज कशाला करायचं." मला ते मोठ्या मनाचं वाटलं. त्या तीन सेकंदांचे पैसे घेतलेले होते, हे पुढं कळलं.

संगीतासाठी त्यांनी एका गाजलेल्या हिंदी सिनेमातला तुकडा दिला. "तात्पुरता टाक, आपलं म्युझिक येतंय." एडिटिंगमध्ये असा तात्पुरता ट्रॅक टाकतातच. आपलं म्युझिक शेवटपर्यंत आलं नाही आणि ट्रेलर त्याच चोरीच्या तुकड्यासकट बाहेर गेला. २ मिनिटं १० सेकंद. खोटं कशाला बोलू, ट्रेलर झकास झाला होता.

डीव्हीडीचं काम मी आणखी जीव लावून केलं. तेव्हा डबा म्हणजे मान होता. पसरलेलं कव्हर २७३ बाय १८३ मिलिमीटर, मधला कणा १४ मिलिमीटरचा, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायचा जादा काठ. कणा दोन मिलिमीटर जरी सरकला तरी पुढचा चेहरा वळून बाजूला जातो, म्हणून प्रेसमध्ये मी स्वतः उभा राहिलो. पुढं ऊसाच्या फडात पाठमोरी उभी पोरगी, मागं अकरा चौकटी, खाली श्रेयनामावली. २०० प्रती, आर्ट पेपर, ग्लॉस लॅमिनेशन. प्रेसवाला माझ्या ओळखीचा, म्हणून उधारी माझ्या नावावर.

दोन गोष्टींवरून थोडी वाजली. सरांना कव्हरवर सेन्सॉरचा 'यू' हवा होता. मी म्हटलं, सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा आहे, प्रमाणपत्र दाखवा, त्यावर नंबर असतो, मग टाकतो. त्यावर त्यांनी विषय सोडला. पण फिल्म महोत्सवांची ती दोन डहाळ्यांच्या पानांची माळ असते ना, मध्ये 'अधिकृत निवड' लिहिलेली, ती मात्र मी टाकली. दोन टाकल्या. निवडीचा मेल मागितला तर "फॉरवर्ड करतो" म्हणाले. 'यू' अडवल्यामुळं मला आपण फार काटेकोर आहोत असं वाटत होतं, त्या तोऱ्यात माळा निसटल्या. आज विचाराल तर पूर्ण प्रकरणात माझी खरी चूक ती. पैसे बुडाले हा भोळेपणा झाला. न बघितलेल्या फिल्मवर न बघितलेली निवड छापली, त्याला मात्र दुसरा शब्द आहे.

जानेवारीत शहरातल्या एका हॉलमध्ये 'ट्रेलर प्रकाशन' झालं. अकरा पोरं, त्यांचे आईबाप, गावाकडनं आलेली जीपगाडी भरून माणसं. ट्रेलर तीनदा लावला. आपापला चेहरा आला की त्या त्या कोपऱ्यातनं शिट्ट्या. एक आज्जी पदरानं डोळे पुसत होती. मी मागं उभा राहून नाद खुळा म्हणत होतो. शेवटी प्रत्येक घराला पारदर्शक प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेला डबा दिला. "फिल्म महोत्सवाला गेलीय, निकाल लागेपर्यंत सील फोडू नका, हक्कांचा प्रश्न येतो," असं सरांनी माइकवरून बजावलं. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण हक्काबिक्कांतलं मला तरी कुठं काय कळत होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ओपन फाइल, म्हणजे जिच्यात फेरफार करता येतात ती मूळ फाइल, मागितली. कव्हरची आणि ट्रेलरच्या प्रोजेक्टचीही. "संस्थेत जमा करायचीय, त्याशिवाय तुझं बिल पास होत नाही." मी दिली. त्यानंतर फोन आधी 'मीटिंगमध्ये आहे', मग 'गावी आहे', मग बंद.

मार्चमध्ये एका दुपारी भुदरगडकडचे एक शेतकरी काका खोलीत आले. पिशवीतनं डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, ह्याच्यावर तुमचंच नाव हाय की."

"हो काका. बसा."

"सील फोडलं. टीव्हीला लावली, दोन मिंटात संपली. परत लावली, परत तेवढंच. मशीन बिघडलंय म्हणून शेजाऱ्याकडं न्हेली. पिच्चर कुठंय ह्यातला?"

मी तबकडी उलटी करून उजेडात धरली. कॉम्प्युटरवर बर्न केलेल्या डीव्हीडीवर डेटा आतल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे लिहिला जातो आणि लिहिलेल्या भागाचा रंग किंचित वेगळा दिसतो. ४.७ जीबीच्या तबकडीवर ९५ मिनिटांचा सिनेमा बऱ्या दर्जात बसवला तर ती जवळजवळ काठापर्यंत भरते. या तबकडीवर भोकालगत एक बारीक कडं होतं. बाकी कोरी. मशीनमध्ये घालायचीसुद्धा गरज नव्हती.

काकांनी उसाच्या बिलातले २२ हजार दिले होते. 'रोल फी'. मुलगी बारावीत. कुणाकडून १५ हजार, कुणाकडून २५, जसा रोल तसा दर. ९५ मिनिटांचा सिनेमा कधी शूट झालाच नव्हता. प्रत्येक पोराला एक दिवस बोलवायचं, एक क्लोजअप, एक वाक्य, एक चालतानाचा शॉट. त्यातून ट्रेलर काढायचा, ट्रेलरवरून डबा करायचा, आणि डबा दाखवून पुढच्या तालुक्यात 'दुसऱ्या फिल्मसाठी' पोरं गोळा करायची. माझं कव्हर त्या धंद्याचं दुकान होतं. पुढं सांगलीकडं तेच कव्हर नाव बदलून फिरताना एकानं मला दाखवलं. ओपन फाइल हवी होती ती याच्यासाठी.

काकांना आधी वाटलं मीही त्यातलाच. वाटणारच. मी त्यांना कॉम्प्युटरवर सगळं फुटेज दाखवलं, माझे व्हॉट्सअॅपवरचे पैशाचे तगादे दाखवले. मग आम्ही दोघं मिळून बाकीच्या घरांना फोन केले. काका धरून पाच जण आले, सहा जणांनी "गावात हसं होईल" म्हणून नाव काढू नका सांगितलं. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज दिला. तेव्हा फसवणुकीला भारतीय दंड विधानाचं (भादंवि) कलम ४२० होतं, १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "लिहून काय आहे?" पोरांच्या आईबापांकडं पावत्या नव्हत्या, सगळं रोख. माझ्याकडं करार नव्हता. दिलेला पत्ता भाड्याच्या खोलीचा होता आणि ती सोडून महिना झाला होता. चौकशीला बोलावलंय हे सरांना कळल्यावर मध्यस्थामार्फत दोन घरांना निम्मे पैसे परत आले, बाकीच्यांना काही नाही. मध्यस्थ म्हणजे तोच माझा फोटोग्राफर मित्र. त्याचेही ९ हजार अडकले होते, म्हणून त्याला मी धरत नाही.

वकिलाकडनं नंतर दोन गोष्टी कळल्या, त्या आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. एक, कॉपीराइटचे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेलं लागतं, नुसती फाइल दिली म्हणजे हक्क दिले असं होत नाही. दोन, केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते. मला हे कळेपर्यंत चौथं वर्ष लागलं होतं.

आता माझ्याकडं कुणी ट्रेलर घेऊन आलं तर मी फिल्म सलग बघायला मागतो, कच्ची असली तरी चालेल, आवाज नसला तरी चालेल. न बघता कालावधी छापत नाही. निवडीची माळ टाकायची तर महोत्सवाचा मेल थेट महोत्सवाच्या पत्त्यावरून माझ्याकडं यावा लागतो, कुणी पुढं ढकललेला चालत नाही. पैसे पूर्ण येईस्तोवर ट्रेलर बारीक रिझोल्यूशनमध्ये आणि मधोमध माझं नाव आडवं टाकूनच जातो. प्रोजेक्ट फाइलचे पैसे वेगळे. काही लोक नाराज होऊन जातात. खऱ्या विद्यार्थ्यांपैकी आजवर कुणी गेलेलं नाही, उलट ती पोरं फिल्म दाखवायला इतकी उतावळी असतात की नको म्हटलं तरी दाखवतात.

पालकांना एकच विचारायचंय. रोलसाठी पैसे मागितले, तर सीन नंबर किती, समोर कोण आहे, शूटिंगचे किती दिवस, एवढं पोराला विचारलंत का? एका दिवसात 'मुख्य भूमिका' आटोपत नाही.

डीव्हीडी गेली. डबे आता रद्दीतही कुणी घेत नाही. गेल्या महिन्यात मला एक फोन आला. वेबसीरिज आहे, विद्यार्थ्यांची, ओटीटीवर येतेय, दीड मिनिटाचा ट्रेलर आणि पोस्टर पाहिजे. गडहिंग्लज-आजऱ्याकडची नऊ पोरं आहेत. "सगळ्यांचे चेहरे यायला पाहिजेत हं सर, कुणी नाराज नको."

मी म्हटलं, पहिला एपिसोड सलग पाठवा.

"रात्री लिंक टाकतो," म्हणाला. त्याला आज बावीस दिवस झाले. नंबर मी ठेवलाय. भुदरगडच्या काकांनाही दिलाय. त्यांचा भाचा आजऱ्याला मास्तर आहे, तो नऊ घरांत विचारून येतो म्हणालाय.