थंडीत गिअरबॉक्सचा दिवा लागला आणि माझे ८६,५०० रुपये गेले

नाशिक-निफाड पट्ट्यात राहत असाल आणि दारात दहा-बारा वर्षं जुनी ऑटोमॅटिक डिझेल गाडी असेल, तर थंडी पडायच्या आत हे वाचा. माझी गाडी २०१२ची. चांगल्या बॅटरीने आणि अर्थिंगच्या (बॅटरीचं निगेटिव्ह गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या) एका पट्टीने जे काम झालं असतं, त्यासाठी शहरातल्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून ८६,५०० रुपये उकळले.

जानेवारीतली गोष्ट. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सहा अंशांवर आल्याच्या बातम्या होत्या, द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटत होत्या. सकाळी चावी फिरवली तर स्टार्टर जड फिरला, डॅशबोर्ड मंदावला, गाडी कशीबशी चालू झाली आणि गिअरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पाठोपाठ एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, मग स्टिअरिंगचा. गिअर एकाच जागी अडकला, गाडी तीसच्या वर जाईना. दुपारी उन्हात पुन्हा चालू केली तर एकही दिवा नाही, गिअर लोण्यासारखे पडत होते.

गॅरेजवाल्याने गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि चेहरा पाडून म्हणाला, "साहेब, गिअरबॉक्सचा मेंदू गेलाय. असंच चालवाल तर अख्खा गिअरबॉक्स जाईल, मग अडीच लाख धरा." हिशेब असा दिला: कंट्रोल युनिट ६८,०००, गिअर ऑइल आणि फिल्टर ९,८००, प्रोग्रामिंग ६,५००, मजुरी २,२००. मी ४०,००० रोख दिले, ४६,५०० यूपीआयने. बिल कच्चं. "पक्कं केलं तर टॅक्स लागेल," म्हणाला. असं ऐकून पक्क्या बिलाचा हट्ट धरणारे आपल्यात किती आहेत, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.

आता जे आठवून आजही जीव जळतो ते सांगतो. स्कॅनचा कागद माझ्या हातात होता. त्यावर तीन कोड होते आणि सगळ्यात वरचा पी०५६२. म्हणजे गाडीच्या यंत्रणेला व्होल्टेज कमी मिळतंय. त्याखाली यू०१०१, म्हणजे गिअरच्या युनिटशी संपर्क तुटला. आणि पी०७०० एवढंच सांगतो की गिअरच्या युनिटने काहीतरी नोंदवून ठेवलंय, आत बघा. हे तिन्ही एकत्र आले की आधी बॅटरी बघायची, हे कुठलाही प्रामाणिक इलेक्ट्रिशियन सांगेल. त्याने बोट ठेवलं ते फक्त शेवटच्या ओळीवर.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा बोनेट उघडं होतं आणि बॅटरीला लाल-काळे चिमटे लावून चार्जर चालू होता. मी विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "प्रोग्रामिंगला व्होल्टेज स्थिर लागतं." हे खरंच आहे, युनिटमध्ये सॉफ्टवेअर भरताना चार्जर लावतात. म्हणूनच मी फसलो. जुना पार्ट मागितला तर म्हणे तो कंपनीला परत करावा लागतो, नाहीतर २२,००० जास्त. जुना घेऊन नवा द्यायची पद्धतही खरी आहे. अर्ध्या खऱ्यावर उभं केलेलं खोटं सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

पुढची थंडीची लाट आली आणि तेच तिन्ही दिवे परत लागले. या वेळी गाडी पिंपळगावच्या एका इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने स्कॅनरला हातच लावला नाही, आधी मीटर काढला. बॅटरी उभ्या गाडीत १२.१ व्होल्ट, पूर्ण चार्ज असेल तर १२.६ हवी. स्टार्टर मारताना आकडा ८.४ वर आला, ९.६ च्या खाली जाता कामा नये. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिन ऑइल दाट होतं, त्यात डिझेल इंजिन चालू होण्याआधी आतून तापवणारे ग्लो प्लग करंट ओढतात. मग त्याने मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या अंगावर धरून मला स्टार्टर मारायला सांगितलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं, आलं १.३. अर्थिंगची पट्टी हिरवी पडून निम्मी तुटली होती.

टॉर्च घेऊन तो गाडीखाली शिरला आणि मला हाक मारली. गिअरबॉक्सचं ऑइल काढायच्या बोल्टवर वर्षानुवर्षांची काळी माती तशीच थापलेली. त्याला पाना लागलाच नव्हता. ९,८०० रुपयांचं ऑइल कुठे गेलं? युनिटचा सिरियल नंबर स्कॅनरवर वाचला, तर गाडी विकत घेताना काढलेल्या रिपोर्टमधलाच निघाला. म्हणजे युनिट जुनंच. गॅरेजवाल्याने नुसती बॅटरी चार्ज केली, कोड पुसले आणि पैसे घेतले. नवी बॅटरी ७,८००, पट्टी ४५०, मजुरी ५००. त्यानंतर एकदाही दिवा लागलेला नाही.

पोलीस ठाण्यात दोन्ही रिपोर्ट घेऊन गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." अहो, पार्ट न बदलता पार्टचे पैसे घेणं दिवाणी कसं? फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे! साहेब जेवायला गेलेत, साहेब बंदोबस्तात आहेत, कच्च्या बिलावर गुन्हा कसा नोंदवू, उलट तुम्हीच टॅक्स चुकवलात. बिल देणं हे दुकानदाराचं काम. ते न देणं ही ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. पण झापलं मला. दुसऱ्या एका सरकारी खात्यात ऑनलाइन तक्रार केली, तिचा निकाल काय, तर "संबंधितांशी संपर्क साधावा" आणि तक्रार बंद. संबंधित म्हणजे तोच गॅरेजवाला! चोराशी बोलून घ्या हे सांगायला खातं कशाला लागतं? ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मला हे ठाण्यातल्या एकानेही सांगितलं नाही.

काम सुरू व्हायच्या आधी युनिटच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. जुना पार्ट बघितल्याशिवाय रुपया देऊ नका. स्कॅनचा कागद थर्मल असतो, अक्षरं उडतात, तिथल्या तिथे फोटो घ्या. बॅटरीची तपासणी न करता गिअरबॉक्सचं नाव घेणाऱ्याकडून गाडी उचला. रोख देऊ नका. माझ्या ४०,०००चा पुरावा नाही, ४६,५००चा आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो. नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला: १५,००० घ्या आणि तक्रार नाही असं लिहून द्या. मी लिहून दिलेलं नाही. देणारही नाही.