प्लगइन अपडेट केलं आणि साइट पडली: अख्खा बॅकअप रिस्टोर करायचा, की एकटं प्लगइन मागे घ्यायचं?

मॅनेज्ड होस्टिंगच्या (सर्व्हरची देखभाल कंपनीच करते, ते) डॅशबोर्डवर 'रिस्टोर' हे बटण चांगलं ठळक असतं. साइट उघडत नाहीये, मालकाचा तिसरा फोन येऊन गेलाय, अशा वेळी बोट आपसूक तिकडे जातं. माझंही गेलं होतं. एप्रिलचे दिवस, देवगडच्या एका बागायतदारांची हापूस विकणारी साइट, वर्डप्रेसवर वूकॉमर्स (दुकान चालवायचं प्लगइन). दुपारी बारा वाजता मी शिपिंगचं एक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा जादा भाग) अपडेट केलं आणि पाच मिनिटांत चेकआउटच्या पानावर 500 एरर यायला लागली. घाईघाईने आदल्या रात्री एक वाजताच्या बॅकअपवर साइट परत नेली. साडेबाराच्या आत सगळं सुरळीत. मग बागायतदारांनी विचारलं, "सकाळच्या ऑर्डरी कुठे गेल्या?"

रात्री एक ते दुपारी बारा या वेळात आलेल्या 19 ऑर्डरी मी पुसल्या होत्या. पैसे पेमेंट गेटवेत (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेत) जमा, गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये पावत्या, आणि साइटवर नाव ना गाव. त्यावर कडी म्हणजे, डेटाबेस बॅकअपच्या वेळेला जिथे होता तिथूनच पुढे क्रमांक द्यायला लागला. ठाण्याच्या बाईंकडे 2311 नंबरच्या ऑर्डरची पावती होती. दुपारी इंदूरच्या एका गिऱ्हाइकाला तोच 2311 नव्याने मिळाला. विकलेल्या पेट्याही पुन्हा 'शिल्लक' दिसू लागल्या.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: कुठला रस्ता लवकर संपतो हे दुसऱ्या नंबरला. शेवटच्या बॅकअपनंतर डेटाबेसमध्ये काय लिहिलं गेलंय, हे आधी बघायचं.

निवडण्याआधीची पाच मिनिटं

आकडा वाचा. 500 म्हणजे बहुतेक वेळा पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिचं) काम अर्ध्यातच मेलं. प्लगइनचा संशय इथे रास्त आहे. 502 किंवा 504 म्हणजे सर्व्हरला मागून नीट किंवा वेळेत उत्तर मिळालं नाही. नव्या प्लगइनने एखादं जड काम काढलं असेल तर तसं होतं, पण होस्टची स्वतःची अडचणही असू शकते. 503 आणि 'थोड्या वेळासाठी देखभाल चालू' असा मजकूर दिसला तर अपडेट अर्ध्यात अडकलंय. साइटच्या मूळ फोल्डरमध्ये 'मेंटेनन्स' नावाची, सुरुवातीला टिंब असलेली लपलेली फाइल राहून गेलेली असते. वर्डप्रेस ती 10 मिनिटांनंतर जुमानत नाही, तुम्ही आधी उडवलीत तरी चालतं. मात्र फाइली अर्ध्याच उतरल्या असतील, तेव्हा अपडेट पुन्हा चालवा. यासाठी रिस्टोर करणं म्हणजे निव्वळ धांदल.

दुसरं, कॅश. मॅनेज्ड होस्ट पानांच्या तयार प्रती ठेवतो. त्यामुळे मुखपृष्ठ छान दिसतं आणि कार्ट मेलेली असते. म्हणून 'माझ्याकडे तर उघडतेय' हे वाक्य फारसं कामाचं नाही. खासगी विंडो उघडा, एखादी वस्तू कार्टमध्ये टाका, चेकआउटपर्यंत जाऊन या. उलटही होतं: दुरुस्ती झालेली असते आणि जुनी पडलेली प्रत लोकांना दिसत राहते. पण 500 आल्या आल्या कॅश पुसत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

तिसरं, लॉग. होस्टच्या डॅशबोर्डवर एरर लॉग (चुकांची वेळेनुसार नोंदवही) असतोच. त्यातल्या वेळा बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी 12:05 ची एरर 6:35 ला शोधायची. मी पहिल्यांदा दुपारची बाराची ओळ शोधत बसलो होतो आणि 'लॉगमध्ये काहीच नाही' असं ठामपणे सांगितलंही होतं.

लॉगमध्ये 'फेटल' शब्द असलेली ओळ शोधा. 'नोटीस' आणि 'डेप्रिकेटेड' सोडून द्या. 2024 च्या नोव्हेंबरात वर्डप्रेस 6.7 आल्यावर भाषांतरं फार लवकर लोड होत असल्याच्या नोटिशींनी कित्येक साइटचे लॉग भरून गेले होते, पण त्यांनी साइट पडत नव्हती. फेटल ओळीत फाइलचा रस्ता दिलेला असतो, त्यात प्लगइनच्या फोल्डरचं नाव सापडतं. फक्त एक पथ्य पाळा: तिथे नाव असतं ते जो कोसळला त्याचं, ज्याने धक्का दिला त्याचं नव्हे. मुख्य प्लगइनने नव्या आवृत्तीत एखादं फंक्शन काढून टाकलं आणि जुनं ॲड-ऑन ते शोधत गेलं, तर लॉगमध्ये ॲड-ऑन बदनाम होतं. मेमरी संपल्याची एरर असेल तर आणखी फसवी, कारण शेवटचा घास मागणारा तेवढा पकडला जातो.

रस्ता पहिला: अख्खा बॅकअप

याचं खरं बळ असं की काय बिघडलंय हे कळायची गरजच नसते. फाइली आणि डेटाबेस दोन्ही एकाच क्षणाला परत जातात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी मेळ बसतो. हा मुद्दा छोटा नाही. काही प्लगइन अपडेट होताना डेटाबेसची रचनाही बदलतात. वूकॉमर्स तर तशी सूचनाच दाखवतं आणि काम मागच्या बाजूला चालू ठेवतं. ते बदल एकेरी असतात. असं काही घडून गेल्यावर नुसत्या फाइली जुन्या केल्या, तर जुना कोड नव्या रचनेपुढे बावरतो. तिथे पूर्ण रिस्टोरला पर्याय नसतो.

किंमत मी वर सांगितलीच. ऑर्डरी, नोंदण्या, फॉर्मची उत्तरं, कमेंट, नवे पासवर्ड, सकाळी संपादकाने टाकलेला लेख, बॅकअपनंतरचं सगळं जातं. काही होस्ट नुसत्या फाइली किंवा नुसता डेटाबेस निवडून परत नेऊ देतात. तसं असेल तर फाइलीच निवडा. डेटाबेस शाबूत राहतो, मात्र मधल्या वेळात चढवलेले फोटो जातील.

रिस्टोर करायचंच ठरलं, तर त्याआधी आताच्या, पडलेल्या साइटचाही बॅकअप घ्या. मोडक्या घराचा फोटो काढण्यासारखं वाटतं, पण माझ्या 19 ऑर्डरी शेवटी तिथूनच मिळाल्या. त्या होस्टची यंत्रणा रिस्टोरपूर्वी स्वतःहून एक प्रत ठेवत होती. ती स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर) उघडली, ऑर्डरी निर्यात केल्या आणि गेटवेच्या पेमेंट आयडीशी एकेक ताडून हाताने भरल्या. त्यात सगळी संध्याकाळ गेली.

रस्ता दुसरा: एकटं प्लगइन मागे

डेटाबेसला हात न लावता दोषी प्लगइन बंद करायचं किंवा त्याची जुनी आवृत्ती बसवायची. ऑर्डरी जागच्या जागी राहतात. अट इतकीच की दोषी कोण ते माहीत हवं, आणि त्याने डेटाबेसची रचना बदललेली नसावी.

ॲडमिनमध्ये शिरता येत असेल तर बंद करणं एका क्लिकचं काम. येत नसेल तर वर्डप्रेस 5.2 पासून, म्हणजे 2019 पासून, रिकव्हरी मोड आहे: साइटवर गंभीर चूक झाल्याचं ईमेल येतं, त्यातल्या दुव्यावरून आत जाता येतं. दोन मेखा आहेत. ते ईमेल साइटच्या ॲडमिन पत्त्यावर जातं, आणि तो पत्ता पुष्कळदा तीन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या डेव्हलपरचा निघतो. (आजच बघून घ्या, मी थांबतो.) आणि दुव्यावरून आत गेल्यावर प्लगइन थांबलेलं दिसतं ते फक्त तुमच्यापुरतं. बाहेरच्या लोकांना साइट पडलेलीच दिसते. तुम्ही प्लगइन खरोखर बंद करेपर्यंत.

ईमेलही नाही, ॲडमिनही नाही? मग एसएफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत थेट पोचायची सोय) आत जाऊन प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, मागे '-बंद' जोडलं तरी पुरे. फाइल सापडली नाही की वर्डप्रेस ते लोड करत नाही.

जुनी आवृत्ती आणायची तर वर्डप्रेसच्या अधिकृत साठ्यातल्या मोफत प्लगइनच्या पानावर प्रगत दृश्यात मागच्या आवृत्त्या मिळतात. विकतच्या प्लगइनसाठी विक्रेत्याच्या खात्यात जावं लागतं. लायसन्स संपलेलं असेल तर बहुधा तिथेच अडतं. एलिमेंटरसारख्या काहींमध्ये मागे जायची सोय आतच दिलेली आहे. झिप हाताशी आली की ती थेट चढवा; वर्डप्रेस 5.5 पासून 'आहे त्याच्या जागी ही बसवू का' असं विचारतं. आधी 'डिलीट' दाबून मग नवं बसवायच्या फंदात पडू नका. बंद केल्याने सेटिंग सहसा जात नाहीत, पण डिलीट केल्यावर काही प्लगइन आपली टेबलंसुद्धा बरोबर घेऊन जातात.

आणि मागे जाण्यापूर्वी चेंजलॉग (आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) वाचा. अपडेट सुरक्षेसाठी आलेलं असेल तर जुनी आवृत्ती बसवणं म्हणजे कुलूप काढून ठेवणं. 2024 च्या नोव्हेंबरात रिअली सिंपल सिक्युरिटी या प्लगइनच्या 9.0.0 ते 9.1.1.1 या आवृत्त्यांमध्ये असं भोक सापडलं की टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरी खूण मागणारं लॉगिन) चालू असलेल्या साइटवर कुणीही दुसऱ्याच्या नावाने, ॲडमिनच्यासुद्धा, आत शिरू शकत होतं. 9.1.2 मध्ये ते बुजवलं. अशा वेळी 9.1.1 वर परत जायचं नाही. प्लगइन बंद ठेवून दिवस काढायचा.

सपोर्ट आणि स्टेजिंग

हे दोन्ही वरच्या रस्त्यांचे जोडीदार आहेत, पर्याय म्हणून कमी पडतात. सपोर्टवाले लॉग काढून देतात, रिस्टोर करतात, पीएचपीची आवृत्ती बदलतात. प्लगइनचा कोड दुरुस्त करणं त्यांच्या कामात बसत नाही, आणि त्यांना घाईत विचारलं की पहिलं उत्तर 'रिस्टोर करून देऊ का?' हेच येतं. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे, ऑर्डरी त्यांच्या नाहीत. तिकिटात वेळ, पानाचा पत्ता, लॉगची ओळ आणि 'मला विचारल्याशिवाय रिस्टोर करू नका' एवढं लिहा.

स्टेजिंगवर शांतपणे कारण शोधता येतं, पण साइट पडलेली असताना नव्हे. आधी वरच्यापैकी एका रस्त्याने ती उभी करा. स्टेजिंगवर गेटवे टेस्ट मोडमध्ये टाका आणि ईमेल बंद करा, नाहीतर गिऱ्हाइकांना भलत्याच पावत्या जातील. सगळं जमल्यावर स्टेजिंगचा डेटाबेससुद्धा लाइव्हवर ढकललात, तर पुन्हा तेच: मधल्या ऑर्डरी गायब. सापडलेली दुरुस्ती लाइव्हवर हाताने करा.

मग कुणी काय निवडावं

डॉक्टरांची, वकिलांची, शाळेची माहितीपर साइट, आठवड्याला एखादा बदल: बेलाशक रिस्टोर करा. लॉग वाचायचे कष्टसुद्धा घेऊ नका. संपर्क फॉर्मची उत्तरं ईमेलवर येत असतील तर काहीच जात नाही.

बातम्यांची किंवा लेखांची साइट, दिवसाला पाच-सात मजकूर: आधी प्लगइन मागे घेऊन बघा, पंधरा मिनिटांत दोषी सापडला नाही तर नवे लेख कॉपी करून ठेवा आणि रिस्टोर करा.

दुकान, तिकीटविक्री, सभासदत्व, जिथे पैसे येतात तिथे आधी प्लगइन बंद, मग गरज पडली तर जुनी आवृत्ती, आणि रिस्टोर अगदी शेवटी. शिपिंगचं प्लगइन बंद केल्यावर दोन तास सरसकट एकच डिलिव्हरी दर लावावा लागला तरी चालेल. डेटाबेसची रचना बदललीच असेल आणि रिस्टोर टळत नसेल, तर आधी चालू साइटची प्रत, मग ऑर्डरींची निर्यात, मग रिस्टोर. नंतरचा पहिला उद्योग म्हणजे गेटवेतली यादी उघडून साइटशी ताडणं.

यातलं काहीही केलंत तरी त्या प्लगइनचं ऑटो-अपडेट लगेच बंद करा. वर्डप्रेस दिवसातून दोनदा तपासतं, आणि काही होस्टचं स्वतःचं ऑटो-अपडेट वेगळं असतं, त्याचा स्विच वेगळ्या पानावर. वर्डप्रेस 6.6 पासून ऑटो-अपडेटनंतर फेटल एरर आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत बसते हे खरं, पण ती तपासणी मुखपृष्ठावर होते. आमचं मुखपृष्ठ त्या दुपारीही व्यवस्थित उघडत होतं.